२० टक्के चार्ज असताना बाईक बंद पडते, ७१ हजारांची बॅटरी घालू का?

प्रश्न: दादा नमस्कार. मी चिंचवडला राहतो, नोकरी चाकण एमआयडीसीत, रोजचं जाऊन-येऊन ४८ किलोमीटर. २०२० च्या दिवाळीत इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली, आता ६० हजार किलोमीटर होत आलेत. गाडीबद्दल तक्रार नाही पण बॅटरी थकलीये. नवीन होती तेव्हा नॉर्मल मोडला ८५-९० जायची, आता ५५ ला संपते, आणि मागच्या महिन्यात दोनदा २० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडली, त्यातलं एकदा मोशीच्या चौकात, मागे ट्रक. डीलर नवीन पॅकचे ७१ हजार सांगतोय जीएसटी धरून, ३ वर्षं वॉरंटी. भोसरीत एक जण बॅटऱ्या बनवतो, तो म्हणतो ४२ हजारात एलएफपी म्हणजे लिथियमच्या दुसऱ्या प्रकारची बॅटरी टाकून देतो, त्याच डब्यात ४ युनिटची, रेंज १२०. मेव्हणा म्हणतो २५ हजार येतायत तोवर विकून मोकळा हो. बायकोला बॅटरी हॉलमध्ये चार्ज करायचीच भीती वाटते. बॅटरीवर ७२ व्होल्ट ४५ एएच लिहिलंय. काय करू? कंपनीचं नाव छापू नका.

उत्तर: नाव नाही छापत, आणि तसाही हा प्रश्न एका कंपनीचा नाहीये. २०१९ ला रिव्होल्टची आरव्ही४०० आली, २०२२ ला आपल्या पुण्याच्या टॉर्कची क्रेटॉस आली, आधीमधी अजून बऱ्याच आल्या, आणि त्यातल्या सुरुवातीला विकलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या आता एकेक करून या वयाला पोचतायत, त्यामुळे तुमच्यासारखी पत्रं अजून बरीच येणार असं मी धरून चाललोय.

आधी सरळ उत्तर देतो. भोसरीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नका, गाडी घाईत विकू नका, आणि ७१ हजारसुद्धा या आठवड्यात भरू नका. आधी बॅटरी मोजा. तुम्ही पत्रात रेंज सांगितली, टक्के सांगितले, पैसे सांगितले, पण पॅकमध्ये खरंच किती युनिट उरलेत हे कुणीच मोजलेलं दिसत नाही, ना तुम्ही ना डीलरने, आणि त्याशिवाय ७१ हजारांचा निर्णय म्हणजे रक्त न तपासता ऑपरेशनची तारीख घेणं.

मोजायचं सोपं आहे. प्लगमध्ये लावायचा एनर्जी मीटर मिळतो, हजाराच्या आत, इलेक्ट्रिकलच्या दुकानात किंवा ऑनलाईन, फक्त तुमच्या चार्जरचा करंट झेपेल असा बघून घ्या. एका सुट्टीच्या दिवशी गाडी घराच्या आसपासच फिरवत बॅटरी उतरवा, जिथे ती हल्ली बंद पडते त्याच्या जरा आधीपर्यंत. मग तासभर थंड होऊ द्या आणि मीटरमधून फुल चार्ज करा. आता हिशोब बघा. ७२ व्होल्ट गुणिले ४५ एएच (अँपिअर-अवर) म्हणजे ३२४० वॉट-अवर, म्हणजे कागदावर ३.२४ युनिट. चार्जरमध्ये आणि बॅटरीत मिळून दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे नवीन असताना ही बॅटरी रिकामी ते फुल व्हायला भिंतीतून साधारण ३.६-३.७ युनिट घेत असणार. तुमच्या मीटरवर समजा २.४ आले तर बॅटरीत खरे २.१ च्या आसपास गेले, म्हणजे मूळच्या ६५ टक्के. तुमची ५५ ची रेंज याच्याशी जुळते, ८८ चे ६५ टक्के काढून बघा, ५७ येतात. पण मीटरवर जर सव्वातीन युनिट आले आणि तरी गाडी ५५ च जातेय, तर मग बॅटरी बिचारी ठीक आहे आणि गाडीच वीज खातेय, म्हणजे मागचा ब्रेक घासतोय का, टायरमध्ये हवा आहे का, बेअरिंग गेलंय का, हे आधी. असे लोक असतात बरं का, ब्रेक पॅड चिकटलेला असताना नवीन बॅटरीची चौकशी करणारे.

आता ते २० टक्क्यांवर बंद पडणं. रेंज हळूहळू कमी होणं हे वय झालं, पण चालता चालता एकदम बंद पडणं हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याची दोन कारणं जास्त दिसतात.

पहिलं अगदी फालतू आणि स्वस्त. तुमची बॅटरी काढता येणारी आहे म्हणजे पाच वर्षं रोज कनेक्टर काढ-घाल झालंय. पिना सैल होतात, काळ्या पडतात, जास्त करंट ओढला की तिथेच व्होल्टेज पडतं आणि गाडी बंद. बॅटरी काढून दोन्ही बाजूच्या पिना टॉर्च मारून बघा, प्लास्टिक पिवळं किंवा वितळल्यासारखं दिसतंय का बघा. बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर घालू नका, ७२ व्होल्ट आहेत आणि शॉर्ट झाला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. काळं दिसलं तर सर्व्हिस सेंटरला कनेक्टर बदलून घ्या, आणि ते होईपर्यंत त्या बॅटरीचं बाकी काही निदान करू नका कारण सगळे आकडे खोटे येतील.

दुसरं कारण खरं बॅटरीच्या आतलं. ७२ व्होल्टचा पॅक, तुमच्या गाडीच्या काळातला, बहुतेक एनएमसी (निकेल, मँगेनीज, कोबाल्टवाली लिथियम) असणार, म्हणजे ३.६ व्होल्टचे सेल २० ओळीने. प्रत्येक जागी एक सेल नसून एक गट असतो, समजा २.५ एएचचे सेल वापरले तर १८ चा गट, म्हणजे अख्ख्या डब्यात ३६० सेल. आणि त्या २० पैकी एक गट थकला की बाकीचे १९ दमदार असून उपयोग नाही, पालखीच्या एका खांदेकऱ्याचा खांदा गेला की सगळ्यांनाच पालखी टेकवावी लागते तसं. डिस्प्लेवरचे २० टक्के अख्ख्या पॅकचा अंदाज असतो, पण आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, एकेका गटाचं व्होल्टेज बघत असतो, आणि तुम्ही मोशीच्या चौकात सिग्नल सुटल्यावर ॲक्सिलरेटर पिळला की त्या थकलेल्या गटाचं व्होल्टेज धाडकन खाली जातं आणि बीएमएस सगळंच बंद करतो. तो त्याचं काम करतोय, त्याला शिव्या देऊ नका. आणि बॅटरीचा निकाल लागेपर्यंत २५ टक्क्यांखाली इको मोडमध्येच चालवा, चौकात झटका देऊन गाडी काढायची नाही, ट्रक मागे असताना तर नाहीच.

यातही एक शक्यता तपासण्यासारखी आहे. कधीकधी तो गट मेलेला नसतो, नुसता मागे पडलेला असतो, म्हणजे बाकीचे फुल झाले आणि हा नव्वदवरच राहिला. बऱ्याच पॅकमध्ये हा फरक मिटवायचं काम बीएमएस फुल चार्जच्या जवळच करतो आणि अगदी थोड्या करंटने करतो, पन्नासेक मिलिअँपिअर धरा, म्हणजे बारा तासांत जेमतेम ०.६ एएच. तुम्ही जर ऐंशी टक्क्यांनाच चार्जर काढत असाल, जे एरवी चांगलंच, तर हे काम कित्येक महिन्यांत झालेलंच नसेल. दोन-तीन रविवार, दिवसा, तुम्ही घरात जागे असताना, फुल झाल्यावरही चार्जर पाच-सहा तास लावून ठेवा. थोडाही फरक पडला तर समजा गट जिवंत आहे. नाही पडला तरी वीजबिलात चहाच्या पैशाएवढाही फरक नाही. पण पॅक फुगलाय, वास येतोय, डबा कुठे ठोकरला गेलाय किंवा आत पाणी गेलंय असं काहीही असेल तर हा प्रयोग करायचा नाही, चार्जिंगच बंद आणि सरळ सर्व्हिस सेंटर.

सर्व्हिस सेंटरला गेलात की "बॅटरी चेक करा" एवढंच म्हणू नका, ते चार्ज करून "ओके आहे" म्हणून परत देतील. नीट मागा: २० गटांचं वेगवेगळं व्होल्टेज, एकदा गाडी उभी असताना आणि एकदा लोडवर म्हणजे मोटर जोर लावत असताना, सायकल काउंट (म्हणजे किती फुल चार्ज झाले), एरर लॉग, टेंपरेचर सेन्सरचे आकडे, आणि हे सगळं स्क्रीनचा फोटो काढून किंवा प्रिंट. उभ्या गाडीत चांगल्या पॅकमधले गट एकमेकांपासून वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत असतात, शंभरच्या वर गेलं तर एखादा गट गडबड आहे, आणि लोडवर एकच गट सगळ्यांपेक्षा खूप खाली जात असेल तर निकाल लागला. सायकलचं म्हणाल तर ६० हजार किलोमीटरला ८० ने भागलं तर साडेसातशे फुल चार्ज होतात, त्यात पाच उन्हाळे. एनएमसीला हे वय कमी नाही.

तिथे असतानाच वॉरंटीचं पुस्तक उघडा. घरी कपाटात असेल ना ते, प्लास्टिकच्या पिशवीत. त्या काळी काही कंपन्यांनी बॅटरीला ३ वर्षं दिली, काहींनी त्याच्या बरीच पुढे दिली, वर्षं आणि किलोमीटर यातलं जे आधी संपेल ते, आणि बऱ्याच ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की क्षमता अमुक टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, साधारण ७० असतं. तुमची वॉरंटी अजून चालू असेल आणि मीटरचा आकडा ६५ आला असेल तर तुम्ही ७१ हजारांचं गिऱ्हाईक नाही, क्लेम करणारे आहात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, टाळाटाळ झाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आता भोसरीवाले. एलएफपी वाईट नाही, उलट ती केमिस्ट्री उष्णता जास्त सोसते, सायकल जास्त देते, आणि ओबेन रॉरसारख्या बाईकमध्ये कंपनीनेच ती घातलीये. पण ती गाडीच त्या हिशोबाने बनवलीये. तुमच्याकडे गाडी एनएमसीची, डबा एनएमसीचा, चार्जर एनएमसीचा, आणि मध्येच बॅटरी एलएफपीची. एलएफपी त्याच वजनात आणि त्याच जागेत कमी वीज साठवते. पॅकसकट किलोला १२० वॉट-अवरच्या आसपास धरलं तर ४ युनिटला ३३ किलो होतात. तुमचा आत्ताचा डबा किती भरतो? वीस किलोच्या आसपासचा असणार, तोच तुम्ही रोज जिन्याने नेताय. मग त्याच डब्यात जास्त जागा खाणारी केमिस्ट्री आणि वर क्षमताही जास्त, हे बसतं कसं? एकतर ४ युनिट नाहीयेत किंवा डबा तोच राहणार नाहीये. त्यांना एवढंच विचारा, सेल कोणत्या कंपनीचा, किती एएचचा, किती नग, आणि कागदावर गुणाकार करून दाखवा. गुणाकार जमला नाही तर चहा पिऊन परत या.

जमला तरी पुढे व्होल्टेज आहे. एलएफपीचा सेल ३.२ व्होल्टचा, म्हणून ७२ च्या जागी साधारण २४ घालतात आणि फुल चार्जला ८७.६ होतात, तुमचा एनएमसी ८४ ला फुल होतो. म्हणजे चार्जर दुसरा येणार, आणि दिसायला सारखाच येणार. उद्या तो नवा चार्जर कुणी चुकून २० एनएमसीच्या पॅकला लावला आणि बीएमएसने अडवलं नाही तर एकेका सेलवर ४.३८ व्होल्ट जातील, आणि ४.२ च्या वर एनएमसीला ढकलणं म्हणजे आगीला आमंत्रण. जुना पॅक घरात ठेवून नवा वापरणारे, किंवा मित्राची बॅटरी चार्ज करून देणारे, तिथे हे होतं. शिवाय एलएफपीचं व्होल्टेज बराच वेळ जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी कोसळतं, त्यामुळे व्होल्टेजवरून टक्के काढणारा डिस्प्ले ६० दाखवता दाखवता शून्यावर येऊ शकतो, म्हणजे तुमची मूळ तक्रार ४२ हजार भरून परत तिथेच.

आणि सगळ्यात मोठं, बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीचा बीएमएस कॅन लाईनवरून (संदेश नेणाऱ्या वायरवरून) मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरशी बोलतो. ओळख पटली नाही तर गाडी चालूच होत नाही, किंवा होते आणि चाळीसच्या पुढे जात नाही. काही लोक यावर जुगाड म्हणून जुना बीएमएस नुसता सिग्नल द्यायला ठेवतात आणि खरी बॅटरी वेगळ्याच बोर्डवर चालवतात. म्हणजे गाडीला वाटतं आत सगळं गार आहे आणि आत काय चाललंय ते तिला माहीतच नसतं. हे मी कुणालाही करू देणार नाही.

लोक म्हणतील दादा फार घाबरवतो. २०२२ च्या मार्चमध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला होता, ती तर कंपनीतूनच आलेली होती. त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारने एआयएस-१५६ हे ईव्ही बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम कडक केले, एक टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून, त्यात पाणी आत जाऊ नये, एका सेलची आग बाकीच्यांपर्यंत पसरू नये अशा टेस्ट आल्या. तुमचा मूळ पॅक त्याच्या आधीचा आहे. नवीन पॅक घेताना, मग तो डीलरचा असो की कुणाचा, या सर्टिफिकेटची कॉपी मागा. ज्याच्याकडे नाही तो "आमचं काम बोलतं" म्हणेल, बोलू द्या. विम्याचंही बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्यावर बंधन आहे, आणि क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारणार की ही बॅटरी कुणाची.

मधला एक रस्ता आहे, तो म्हणजे तुमच्याच डब्यात, तुमच्याच बीएमएसवर, त्याच केमिस्ट्रीचे २० गट नवीन सेल घालून भरून घेणं. चांगला कारागीर असेल तर होतं. पण तो एकेक सेलची क्षमता आणि इंटर्नल रेझिस्टन्स (आतून करंटला होणारा अडथळा) मोजून जोड्या लावणारा पाहिजे, स्पॉट वेल्डिंग करणारा पाहिजे कारण सेलवर थेट सोल्डर मारला की उष्णतेने सेल जातो, आणि डबा परत पाणीबंद करणारा पाहिजे नाहीतर जूनमध्ये कळेल. सेलचं पक्कं बिल मागा, जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलवर नवीन रंगीत कव्हर चढवून विकायचा धंदा जोरात आहे. काही बीएमएस सेलपासून सुटले की लॉक होतात आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत, हेही आधीच विचारा, पॅक उघडल्यावर नाही. आणि "फक्त खराब गट बदलतो, पाच हजारात" म्हणणाऱ्याला नमस्कार करा, १९ म्हातारे आणि एक तरुण असा पॅक काही महिने चालतो, मग पुढचा म्हातारा बसतो. डीलरकडे पॅक मिळतच नसता तर मी या रस्त्याचा विचार करा म्हटलं असतं. तुम्हाला मिळतोय.

मग ७१ हजार वाजवी आहेत का? मला जड वाटतात, पण त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास सरकारचे. अख्खी नवीन ईव्ही घेतली तर ५ टक्के आणि जुनी गाडी टिकवायला नुसती बॅटरी घेतली तर १८, हा कुठला न्याय ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. तुमचा हिशोब करू. ४८ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, वर्षाला १४ हजार ४०० किलोमीटर. १२५ सीसीची पेट्रोल गाडी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये ५० चं ॲव्हरेज देईल, म्हणजे किलोमीटरला दोन रुपयांच्या वरच. तुमची बाईक भिंतीतून किलोमीटरला ४२ वॉट-अवर घेते, युनिट १२ रुपये धरलं तरी पन्नास पैसे. वर्षाला बावीस-तेवीस हजार वाचतात, पॅकचे पैसे तीन-सव्वातीन वर्षांत फिटतात, तेवढीच वॉरंटी आहे. मेव्हण्यांच्या सल्ल्याने २५ हजाराला विकली तर तुम्ही नवीन गाडीला लाखभर घालणार आणि पेट्रोल वेगळं. तुमचं रोजचं रनिंग दहा किलोमीटर असतं तर मी मेव्हण्यांच्या बाजूने असतो.

फक्त एक अट. ७१ हजार घालण्याआधी बाकीची गाडी तपासून घ्या: कंट्रोलर, मोटरचे बेअरिंग, बेल्ट किंवा चेन, वायरिंग हार्नेस, डिस्प्ले. डीलरला विचारा की कंट्रोलर उद्या गेला तर मिळतो का आणि किती दिवसांत. नवीन पॅकवर बनवल्याची तारीख बघा, गोडाऊनमध्ये दोन वर्षं पडलेला पॅक नवीन नसतो, बसल्या बसल्याही बॅटरी म्हातारी होते. पॅकचा नंबर गाडीच्या सॉफ्टवेअरला जोडून द्यायचं त्यांच्याकडून करून घ्या, तिथल्या तिथे गाडी चालवून बघा आणि मग उरलेले पैसे द्या. वॉरंटी कार्डवर क्षमतेची टक्केवारी लिहिलेली पाहिजे, नुसतं "३ वर्षं" नको.

वहिनींचं म्हणणं मात्र आजच ऐका, नवीन बॅटरी येईपर्यंत थांबू नका. हॉलमध्ये म्हणजे माझा अंदाज, दाराशी चपलांच्या रॅकजवळ, कारण तिथेच प्लग असतो आणि वीस किलो अजून आत कोण नेणार. काही झालं तर घरातल्या सगळ्यांचा बाहेर पडायचा एकमेव रस्ता तोच असतो. सावलीतली गॅलरी चालेल, पावसाची झड येत नसेल तर. पडदा, सोफा, पुठ्ठे जवळ नकोत, एक्स्टेंशन बोर्ड नको, भिंतीतला १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. रात्री झोपेत चार्जिंग बंद, या जुन्या पॅकचं तर नक्कीच. आल्या आल्या तापलेली बॅटरी लावू नका, जेवण होऊ द्या मग लावा. पाच वर्षं दुपारभर पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी असेल कंपनीत, त्यानेही बॅटरीचं आयुष्य खाल्लंय, सावलीची जागा मिळत असेल तर त्यासाठी सिक्युरिटीवाल्याशी दोस्ती करा.

जुना पॅक भंगारवाल्याला देऊ नका आणि आठवण म्हणून माळ्यावरही नको. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीवर आहे. त्यात निकेल, कोबाल्ट आहे, थोडी क्षमताही उरलेली आहे, म्हणजे त्याला भाव आहे, डीलरने स्वतःहून सांगितलं नसेल तर नवीन पॅकचं बिल होण्याआधी एक्स्चेंजचे किती ते विचारा, आणि पॅक ताब्यात दिल्याची, त्याच्या नंबरसकट, लेखी पावती घेऊनच तिथून निघा.